फेरीची वाट

ज्या वाटेनें चालत गेलें असतां मनुष्य निघाला तेथेंच परत येतो, त्या वाटेनें चालण्यांत स्वारस्य तें काय, असा प्रश्न आमच्या गांवांतील एका वृद्ध गृहस्थांनीं माझ्या वडिलांस एकदां केला होता. वडील रोज सायंकाळीं पांचाच्या सुमारास काठी घेऊन घराबाहेर पडत आणि तिन्हीसांजेला देवापुढें दिवा लागावयाच्या आंत परत येत. वाटेंत बाजार नव्हता, कोणाकडे काम नव्हतें, कोणाचें येणें वसूल करावयाचें नव्हतें. एका बाजूनें जावयाचें आणि दुसऱ्या बाजूनें परतावयाचें, एवढाच तो उद्योग. प्रश्न ऐकून वडील किंचित् हंसले आणि म्हणाले, "परत येतां येतें, हें थोडें का आहे?" त्या उत्तराचा अर्थ मला त्या वयांत कळला नाहीं. आज तो पुरता कळला आहे असेंहि मी म्हणत नाहीं; परंतु त्या उत्तराभोंवतीं माझें मन गेलीं कांहीं वर्षें घोंटाळत आहे, आणि त्यांतून नीतीचा जो एक प्रश्न उभा राहिला तो वाचकांपुढें मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

कोंकणांत निरुद्देश चालणें ही सोपी गोष्ट नव्हे. रस्त्यानें जाणाऱ्यास "कुठें चाललांत?" असें विचारल्यावांचून ओटीवर बसलेल्या माणसाला चैन पडत नाहीं. हा प्रश्न उद्धटपणाचा नसतो. तो आपुलकीचा असतो. पण त्या आपुलकीच्या पोटांत थोडी राखणदारीहि असते. बाजाराला जाणारा, तरीवर जाणारा, गुरें वळावयास जाणारा ह्यांचें उत्तर तयार असतें. "असाच, जरा फिरून येतों," असें म्हणणाऱ्याकडे मात्र लोक दुसऱ्यांदा निरखून पाहतात. ज्याला काम नाहीं तो चालतो कशाला? त्याच्या मनांत कांहीं तरी असलें पाहिजे! निघालों तेथेंच परत आणणाऱ्या चालण्याला आमच्या जुन्या वळणाच्या समाजांत एकच सर्वमान्य सबब होती, आणि ती म्हणजे प्रदक्षिणा.

रत्नागिरीहून आरे-वारेच्या बाजूनें समुद्रकांठानें गेलें असतां सुमारें २५ किलोमीटरांवर गणपतिपुळें लागतें. तेथील गणपति स्वयंभू आणि पश्चिमाभिमुख आहे. देऊळ डोंगराच्या पायथ्याशीं, अगदीं समुद्राला लागून. आणि डोंगर हेंच देवाचें रूप मानिलें असल्यामुळें तेथें प्रदक्षिणा घालावयाची ती केवळ गाभाऱ्याला नव्हे, साऱ्या डोंगराला. सुमारें एक किलोमीटरची ती वाट आहे. देवळासमोरून निघावें, डोंगर सतत उजव्या हाताला ठेवावा, आणि समुद्राचा आवाज मागें पडून पुन्हां कानांवर येईपर्यंत चालत राहावें. ह्या चालण्यांत मनुष्य कोठेंच पोहोंचत नाहीं, आणि त्याबद्दल कोणी त्याला हंसतहि नाहीं. कारण फेरीच्या मध्यभागीं देव आहे. देव नसता तर तीच माणसें तेवढ्याच चालण्याला रिकामपणाचें लक्षण म्हणालीं असतीं.

वडिलांच्या फेरीच्या मध्यभागीं देव नव्हता. तिच्या मध्यभागीं होतें आमचें गांव. घराच्या मागील दारानें निघून पाणंदीनें ग्रामदेवतेच्या देवळापर्यंत जावयाचें. तेथून जांभ्या दगडाच्या पायऱ्यांनीं घाटी चढून सड्यावर यावयाचें. सडा ओलांडून पलीकडच्या उतरणीनें पऱ्याकडे. पऱ्यावरील साकवावरून पलीकडे होऊन भाताच्या मळ्याच्या बांधाबांधानें पुन्हां आमच्या अंगणांत. सारें मिळून चार-साडेचार किलोमीटर. सडा ज्यानें पाहिला नाहीं त्याला तो समजावून देणें कठीण आहे. जांभ्याचें तें विस्तीर्ण पठार वैशाखांत उघड्या पायांना भाजून काढतें, आणि श्रावण-भाद्रपदांत त्याच कातळावर बोटभर मातींत तेरडा आणि सीतेचीं आसवें फुलतात. ह्या जिल्ह्यांतील अशाच सड्यांवर, उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ अशा ठिकाणीं, हजारों वर्षांपूर्वींच्या माणसांनीं कोरून ठेविलेलीं प्राण्यांचीं आणि मनुष्यांचीं चित्रें सांपडलीं आहेत. २०२२ सालीं जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत त्यांची नोंद झाली. तीं चित्रें ज्यांनीं कोरलीं तीं माणसें सड्यावर कोठून आलीं आणि कोठें गेलीं, तें सातबाऱ्यांत लिहिलेलें नाहीं. वडिलांची वाट मात्र सातबाऱ्याप्रमाणें पाहूं गेल्यास नऊ खातेदारांच्या जमिनींतून जात होती. त्यांपैकीं एकानेंहि त्यांना अडविलें नव्हतें, आणि एकाचीहि त्यांनीं परवानगी घेतली नव्हती.

"परत येतां येतें" ह्या शब्दांचा अर्थ शिकविणारी एक इमारत रत्नागिरींत उभी आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा ह्याला इंग्रजांनीं १८८५ सालीं मंडाले येथें पदच्युत केलें, आणि १८८६ सालापासून त्याला रत्नागिरींत नजरकैदेंत ठेविलें. पुढें त्याच्यासाठीं एका टेकाडावर राजवाडा बांधण्यांत आला. १९१० सालीं तो तेथें राहावयास गेला आणि १९१६ सालीं रत्नागिरींतच वारला. त्या उंचावरून भाट्याची खाडी दिसते, खाडीच्या मुखापलीकडे समुद्र दिसतो. राहावयाला वाडा होता, तनखा होता, चाकर होते. नव्हती ती एकच गोष्ट. मनास येईल त्या वाटेनें बाहेर पडावें आणि आपल्या घरीं परत यावें, हें जें आमच्या गांवांतील एका सामान्य शाळामास्तराला रोज सायंकाळीं साधत होतें, तें ह्या राजाला तीस वर्षांत एकदांहि साधलें नाहीं. कैद्यालाहि आवारांत फेऱ्या घालतां येतात. त्याच्या फेरींत आणि माझ्या वडिलांच्या फेरींत जो भेद आहे तो अंतराचा नव्हे. एकाची फेरी पहारेकऱ्याच्या मर्जीनें चालते, दुसऱ्याची शेजाऱ्यांच्या विश्वासानें. आपण मोकळे आहों कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मोठीं तत्त्वें धुंडाळण्याचें कारण नाहीं. कांहीं काम नसतां घराबाहेर पडून पाहावें.

माझा एक भाचा नोकरीनिमित्त स्कॉटलंडांत असतो. दोन वर्षांपूर्वीं त्यानें अ‍ॅबरफेल्डी नांवाच्या एका लहान गांवाची हकीकत मला लिहून पाठविली. पर्थशायर परगण्यांत टे नदीच्या कांठीं हें गांव आहे. आमच्याकडे गांव म्हटलें कीं आंब्याचा हंगाम आठवावा, तसें तिकडील कित्येक गांवांचें नांव काढलें कीं व्हिस्कीची भट्टी आठवते. अ‍ॅबरफेल्डीची भट्टी १८९८ सालीं सुरू झाली. परंतु भाच्याच्या पत्रांत भट्टीपेक्षां वाटेचाच मजकूर अधिक होता. गांवालगतच मोनेस नांवाचा ओढा दरींतून खालीं येतो. त्याच्या एका तीरानें झाडींतून वर चढावें, धबधब्याच्या माथ्याजवळ पूल ओलांडावा आणि दुसऱ्या तीरानें उतरून पुन्हां गांवांत यावें, अशी ती फेरीची वाट आहे. बर्न्स कवि १७८७ सालीं तेथें गेला होता. त्या दरींतील भूर्जवृक्षांवर त्यानें गीत रचलें, आणि वाटेचें नांव सर्वतोमुखीं झालें. "मामा," भाच्यानें लिहिलें होतें, "येथें मला 'कुठें चाललास' असें कोणीहि विचारीत नाहीं. पहिले चार दिवस मला चुकल्याचुकल्यासारखें झालें."

त्याच पत्रांत त्यानें तिकडच्या कायद्याचीहि माहिती दिली होती. स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें २००३ सालीं जमीनसुधारणेचा एक कायदा केला. त्या कायद्यानें, मालक कोणीहि असो, बहुतेक साऱ्या जमिनींतून आणि जलाशयांतून प्रत्येक मनुष्याला केवळ आनंदासाठींहि जाण्याचा अधिकार दिला. अट एवढीच कीं तो अधिकार जबाबदारीनें बजाविला पाहिजे. घराभोंवतालच्या आवारांत शिरतां येत नाहीं, उभें पीक तुडवितां येत नाहीं, कुत्रें आंवरून धरावें लागतें, आणि वाटेंतील फाटक जसें सांपडलें तसेंच ठेवून जावें लागतें. हें वाचून मी बराच वेळ पत्र हातांत धरून बसलों होतों. कारण आपल्याकडील कायद्याची भाषा मला थोडीफार परिचित आहे आणि ती अगदीं निराळी आहे. वहिवाटीच्या हक्कांसंबंधीं आपला १८८२ चा कायदा आहे. दुसऱ्याच्या जमिनींतून वीस वर्षें उघडपणें, शांततेनें, हक्क म्हणून आणि अखंड कोणी येत-जात असेल, तर त्याच्या जमिनीच्या उपभोगासाठीं ती वाट त्याची होते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत १४३ वें कलम आहे. त्याअन्वयें शेतकऱ्याला आपल्या शेतांत पोहोंचण्यासाठीं बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. दोन्ही तरतुदी न्यायाच्या आहेत, आणि कित्येक गरीब शेतकऱ्यांना त्यांनीं तारलें आहे. परंतु दोहोंचा पाया गरज हा आहे. ज्याला कोठें तरी पोहोंचावयाचें आहे त्याला कायदा वाट देतो. ज्याला कोठेंच पोहोंचावयाचें नाहीं, नुसतें फिरून यावयाचें आहे, त्याच्या वाट्याला खाजगी जमिनींत फक्त शेजाऱ्याची भलाई उरते.

ती भलाई कशी संपते हें मीं स्वतःच्या हातांनीं करून पाहिलें आहे. आतां माझ्या अपराधाकडे वळतों.

१९९०-९१ पासून रोजगार हमींतून फळबागांना शासनाचें साहाय्य मिळूं लागलें आणि आमच्या बाजूचे ओसाड सडे झपाट्यानें पालटले. कातळांत सुरुंग लावून खड्डे पाडावयाचे, बाहेरची माती आणून भरावयाची आणि त्यांत हापूसचीं कलमें लावावयाचीं, असा उद्योग घरोघर सुरू झाला. आमच्या वाट्याच्या सड्यावर आम्हींहि कलमें लाविलीं. वडील असेपर्यंत त्या बागेला कुंपण नव्हतें. त्यांच्या पश्चात् दुसऱ्याच वर्षीं फाल्गुनांत सड्यावरच्या वाळल्या गवताला आग लागली आणि माझीं तीसेक कलमें होरपळलीं. कोणा वाटसरूच्या विडीनें आग लागली असा तर्क लोकांनीं केला. पुरावा कांहींच नव्हता. पावसाळ्यापूर्वीं मीं चिऱ्याचा गडगा घातला, त्यावर कांटेरी तार ओढली, आणि वाट जेथें बागेंत शिरत होती तेथें लोखंडी फाटक बसवून कुलूप लाविलें. त्या रात्रीं मला शांत झोंप लागली, हेंहि सांगितलें पाहिजे.

माझ्यानंतर दोनच वर्षांत शेजारच्या बागायतदारानें तार ओढली. त्याला काय म्हणून नांव ठेवावें? उतरणीवरची जमीन विकली गेली आणि नव्या मालकानें पुरुषभर उंचीची भिंत घातली. साकवापलीकडच्या एका खातेदारानें, सारेच घालतात म्हणून, बांधावर कांटे टाकले. नऊ ठिकाणांपैकीं पांच ठिकाणीं वाट बंद झाली. मी नोकरींतून निवृत्त होऊन कायमचा गांवीं आलों तेव्हां एके सायंकाळीं वडिलांची काठी घेऊन फेरीला निघालों. माझ्या फाटकाची किल्ली माझ्याच खिशांत होती. तें उघडून मी आंत गेलों, बाग ओलांडली, आणि पलीकडच्या तारेशीं येऊन उभा राहिलों. आलों त्याच वाटेनें मला परतावें लागलें. परत आलों खरा. पण वडील ज्याला परत येणें म्हणत तें हें नव्हे, एवढें त्या दिवशीं कळलें.

रेषा मध्येंच तुटली तर तिचे दोन तुकडे कोणाच्या तरी उपयोगीं पडतात. वर्तुळ एका ठिकाणीं तुटलें कीं तें वर्तुळच राहात नाहीं. फेरीच्या वाटेवरील प्रत्येक मालकाच्या हातीं सारी फेरी मोडण्याची शक्ति असते; ती जोडण्याची शक्ति मात्र एकट्याच्या हातीं नसते. आम्हां पांचांपैकीं प्रत्येकानें आपापल्या हद्दींत, आपापल्या हक्कानें, आणि आपापल्या परीनें योग्य कारणासाठीं कुंपण घातलें होतें. गांवाची वाट बंद करावी असें कोणींच ठरविलें नव्हतें, आणि तरी ती बंद झाली होती. समाजांतील पुष्कळशीं अकल्याणें अशींच घडतात. त्यांना कर्ता नसतो. निरनिराळीं शहाणपणाचीं कृत्यें तेवढीं असतात.

येथें कोणी म्हणेल, "हा रिकामटेकड्या माणसाचा विलाप झाला. ज्यानें कातळ फोडला, कर्ज काढलें, माती वाहिली, त्यानें आपला माल राखूं नये काय? चालण्याची हौस असेल तर सडका काय थोड्या आहेत?" हा आक्षेप मी हलका लेखीत नाहीं. रानडुकरें, वानर, मोकाट गुरें, वणवा आणि चोरी ह्या पांचांशीं बागायतदाराला झगडावें लागतें. त्याच्या गडग्याला दुष्टपणा म्हणणें हा शहरी मनुष्याचा आंधळेपणा होईल. शिवाय मालकीचा अर्थच असा कीं, "नाहीं" म्हणण्याचा अधिकार कोणाला तरी असतो. पण गडगा घालणें आणि वाट बुजविणें ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मीं त्या एकच मानल्या, हा माझा दोष. जनावर आंत शिरूं नये ह्यासाठीं गडगा पुरत होता. फाटकाचें कुलूप जनावरासाठीं नव्हतें. तें माणसांविषयींच्या माझ्या संशयासाठीं होतें. एका न दिसलेल्या विडीचा दंड मीं साऱ्या गांवाकडून वसूल केला होता.

इतका पश्चात्ताप माझ्या मनांत सांठला होता, आणि खरें सांगावयाचें तर त्या पश्चात्तापाचें मला थोडें समाधानहि वाटूं लागलें होतें. वडिलांच्या काळीं सारें कसें मोकळें होतें, आम्हीं तें कसें गमाविलें, असें मी चारचौघांत बोलूं लागलों होतों. तें समाधान एका म्हातारीनें घालविलें. ती सड्याखालच्या बौद्धवाडींतील. माझ्या गडग्याच्या कडेनें ती काटक्यांची मोळी घेऊन चालली होती. मी म्हटलें, "मावशी, ह्या फाटकामुळें तुम्हांला मोठा फेरा पडतो, ठाऊक आहे मला. पूर्वीं कसें मोकळें होतें! कोणीहि यावें, कोणीहि जावें."

तिनें मोळी गडग्यावर टेकली. "कोनीपन?" ती म्हणाली. "माज्या सासूच्या टायमाला आमची मानसं ह्या वाटेनं नाय जायची, भाऊ. खालनं पऱ्यातनं जायची. तुमचे वडील सांजचे फिराय निघालेले दिसले का सासू पऱ्यात उतरून उबी ऱ्हायची. मी हितं सून म्हनून आले, त्याच्या मागनं कवातरी वाट मोकळी झाली. मग चाललो की आमी. तवर तुमी फाटक घातलंत."

तिच्या बोलण्यांत राग नव्हता; आठवण सांगावी तसें तिनें सांगितलें आणि मोळी उचलून ती निघून गेली. माझे वडील मृदु स्वभावाचे होते. त्यांनीं त्या बाईला "दूर हो" असें कधीं म्हटलें नसेल, ह्याची मला खात्री आहे. पण खात्रीच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट मनांत आली, आणि ती अद्यापि जात नाहीं. त्यांना तसें म्हणावें लागतच नव्हतें. ज्या वाटेवर त्यांना कोणींहि अडविलें नाहीं, त्या वाटेवर त्यांच्या नुसत्या येण्यानें कोणी तरी अडत होतें. ज्या फेरीच्या मध्यभागीं सारें गांव होतें असें मीं वर लिहिलें, त्या फेरीच्या बाहेर एक वाडी होती. वाट तिच्या माथ्यावरूनच वळत होती, आणि मीं इतक्या वर्षांत ती वाडी फेरीच्या आंत कीं बाहेर, ह्याचा विचार केला नव्हता.

देवळाभोंवतींचा फेरा तरी सर्वांना कोठें मोकळा होता? त्रावणकोर संस्थानांतील वैकम येथें १९२४ सालीं सत्याग्रह सुरू झाला, तो देवळांत शिरण्यासाठीं नव्हता. देवळासभोंवारच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांना नुसतें चालतां यावें, एवढीच मागणी होती. १९२५ च्या नोव्हेंबरांत तो मिटला तेव्हां तीन बाजूंचे रस्ते खुले झाले आणि पूर्वेकडचा राखीव राहिला. म्हणजे चालतां येऊं लागलें, पण फेरी पुरी होत नव्हती. त्या संस्थानांत देवळांचे दरवाजे सर्व हिंदूंना उघडले ते १९३६ सालीं. आमच्या रत्नागिरींत सावरकरांच्या प्रेरणेनें आणि भागोजीशेठ कीर ह्यांच्या धनानें पतितपावन मंदिर उभें राहिलें तें १९३१ सालीं. १९५० सालीं राज्यघटनेनें अस्पृश्यता कायद्यानेंच नाहींशी केली. आणि तरीहि त्यानंतर कित्येक वर्षें एक बाई एका सज्जन शाळामास्तराला पाहून पऱ्यांत उतरत होती. कायद्याचें पाऊल गांवच्या पायवाटेपर्यंत फार उशीरां पोहोंचतें.

स्कॉटलंडची मोकळीकहि निष्कलंक आहे असें कोणीं समजूं नये. तेथील डोंगराळ मुलखांत अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनीं कुळांना घराबाहेर काढून मेंढ्यांसाठीं रानें मोकळीं केलीं. ज्या शांत दऱ्यांतून आज प्रवासी आनंदानें फिरतात, त्यांपैकीं कित्येकांची शांतता माणसें हुसकून मिळविलेली आहे. तेव्हां "पूर्वीं सारें मोकळें होतें" हें वाक्य कोणत्याहि देशांत उच्चारण्यापूर्वीं एक प्रश्न विचारला पाहिजे: कोणाला? ह्या प्रश्नानें वाटेविषयींचा माझा पश्चात्ताप पुसला गेला नाहीं. उलट तो दुणावला. कारण मीं बंद केली ती वडिलांच्या काळची वाट नव्हती. ती त्या म्हातारीची नुकतीच झालेली वाट होती. आमच्या घराला पिढ्यान् पिढ्या चालून वाटेचा कंटाळा आला असता तरी चाललें असतें. तिच्या घराला ती मिळून थोडींच वर्षें झालीं होतीं.

मग कर्तव्य काय? कायदा करावा, असें एक उत्तर आहे, आणि स्कॉटलंडचें उदाहरण पाहतां तें टाकाऊ नाहीं. परंतु दाट वस्तीच्या, तुकड्यातुकड्यांच्या जमिनींच्या आपल्या प्रदेशांत तो तसाच उचलून आणतां येईल असें मला वाटत नाहीं. दुसरें उत्तर लहान आहे, पण तें प्रत्येकाच्या हातांत आहे. मालकाला "नाहीं" म्हणण्याचा अधिकार असतो म्हणूनच त्याच्या "जा" ह्या शब्दाला किंमत असते. तो शब्द त्यानें गरजवंतालाच काय तो द्यावा, कीं ज्याला कसलीच गरज नाहीं त्यालाहि द्यावा, हा माझ्या मतें खरा नीतीचा प्रश्न आहे. गरजवंताला वाट देणें ही दया झाली. दयेंत देणारा वर आणि घेणारा खालीं, हें नातें तसेंच राहतें. मोळी वाहणाऱ्या म्हातारीला वाट देऊन मी मनांतल्या मनांत थोर होऊं शकतों. परंतु निष्कारण फिरणाऱ्या माणसाला जेव्हां आपण कारण विचारीत नाहीं, तेव्हां आपण त्याला आपल्या बरोबरीचा मानिलेला असतो. कारण स्वतःच्या फेरीचें कारण आपण कधींच कोणाला दिलेलें नसतें.

हा विचार कागदावर उतरविणें सोपें आहे. मीं फाटक काढलें आणि गडग्याच्या त्या तोंडाशीं आडव्या बांबूंचें बेडें बसविलें. गुरूं आंत येऊं शकत नाहीं. माणसाला बांबू सरकवून जातां येतें. पलीकडच्या बागायतदाराशीं दोनदां बोलून पाहिलें. एका हंगामापुरतें तार सैल करून पाहूं, इतपत तो आला आहे. उतरणीवरच्या भिंतीचा मालक मुंबईस असतो. त्याला पत्र लिहिलें आहे, उत्तर आलेलें नाहीं. म्हणजे फेरी अजून पुरी होत नाहीं. मी रोज सड्याच्या कडेपर्यंत जातों आणि आलों त्याच वाटेनें परततों.

गेल्या भाद्रपदांतली गोष्ट. सडा फुलला होता. मी गडग्यापाशीं उभा असतांना त्या म्हातारीची दहा-अकरा वर्षांची नात बेड्यांतून आंत आली. डोकीवर मोळी नव्हती, हातांत कोयता नव्हता, मागें शेळी नव्हती. ती बागेंतल्या पायवाटेनें आपल्याशींच कांहीं गुणगुणत चालली होती. माझ्या तोंडीं प्रश्न आलाच: "कुठें चाललीस गो?"

ती थबकली. तिनें माझ्याकडे पाहिलें, मग पऱ्याच्या दिशेनें पाहिलें, आणि कसलें काम सांगावें ह्याचा ती विचार करूं लागली, हें मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलें. त्या क्षणीं मला माझीच लाज वाटली. मी म्हटलें, "जा, जा. सहज विचारलें."

"कुठं नाय," ती म्हणाली, "अशीच." आणि ती पुढें गेली. तारेपर्यंत जाऊन ती परत आली तेव्हां मी पाठ फिरवून एका कलमाचीं सुकलेलीं पानें काढीत होतों. बेड्याचे बांबू तिनें पुन्हां जागेवर सरकविले, त्यांचा आवाज तेवढा मला ऐकूं आला.